अर्धी जुळली तरी चालते

बाळ वाढत नाही, सारखं आजारी पडतं, असं म्हटलं की आपल्याकडे सगळे प्रश्न आईलाच विचारले जातात. दूध पुरतं का? काय खाल्लंस? दृष्ट काढलीस का? आमच्या नौपाड्यासारख्या शिकल्यासवरल्या वस्तीतही हे चालतंच.

पण काही बाळांच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी जन्मतःच तयार होत नाहीत. डॉक्टर या आजाराला थोडक्यात ‘स्किड’ म्हणतात. तोंडातला पांढरा थर जात नाही, जुलाब थांबत नाहीत, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. उपचार झाले नाहीत तर बहुतेक बाळं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच दगावतात.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो. १९६८ साली अमेरिकेत अशा एका बाळाला बहिणीच्या मज्जेने जीवदान मिळालं. पण सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आणि पहिलंच बाळ असेल तर भावंड आणायचं कुठून? आई-बाबा असतात, पण त्यांची मज्जा निम्मीच जुळते. ती तशीच दिली तर तिच्यातल्या काही पेशी बाळाच्याच शरीरावर उलटतात. १९८०च्या दशकात या पेशी आधीच वेगळ्या काढण्याची पद्धत आली. आता मज्जा दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनं, स्वस्त औषध देऊनही त्यांना आवरता येतं.

मग अडतं कुठे? उशिरामुळे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के बाळं वाचली, मग दाता कुणीही असो. तिथे २०१८पर्यंत सर्व राज्यांत नवजात बाळांची ही तपासणी सुरू झाली. आपल्याकडे ती सरसकट होत नाही. म्हणून डोळे उघडे ठेवायचे ते आपणच.

साध्या रक्ततपासणीत ‘लिम्फोसाइट’ कमी दिसले तर डॉक्टरांना जरूर विचारा. घरात आधी एखादं तान्हं बाळ असंच गेलं असेल, तर नव्या बाळाला बीसीजी देण्यापूर्वी ते सांगाच. जिवंत जंतूंची ही लस अशा बाळाला बाधू शकते. बाकीच्यांनी मात्र लस मुळीच चुकवू नये. खात्रीच्या तपासण्या परळला केईएमच्या आवारातल्या ‘राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थे’त होतात. खर्च मोठा असतो, पण २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात स्किडचा समावेश आहे. त्याखाली ठरलेल्या केंद्रांमार्फत पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद २०२२ साली झाली. केईएम त्यांपैकीच एक.

आणि दोषाचं काय? स्किडच्या एका प्रकारात सदोष जनुक बहुधा आईकडून मुलग्याकडे येतं, इतर प्रकारांत आई-बाबा दोघांकडून. नात्यातल्या लग्नांत हा धोका वाढतो. जनुक कुणी निवडून घेत नाही. तेव्हा सुनेला बोल लावण्यात दिवस घालवू नका. तिची निम्मी जुळणारी मज्जाच कदाचित नातवाला वाचवणार असते.