मुक्या नायकाची वाणी

चित्रकथेला वाङ्मयाच्या अभ्यासात स्थान द्यावे की नाही, हा वाद आता बराच निवळला आहे. ‘अमर चित्रकथे’वर प्रबंध लिहिले गेले आणि ‘चांदोबा’चे जुने अंक संग्राह्य ठरले. तथापि चित्रकथेचा एक पोटप्रकार अद्याप दाराबाहेरच उभा आहे. तो म्हणजे व्हिडिओ गेममधील लोकप्रिय नायकांवर बेतलेली चित्रकथा-मासिके. ही मासिके म्हणजे खेळाची जाहिरात, आणि तीही मुलांच्या खिशावर डोळा ठेवून केलेली, असा त्यांच्यावर आक्षेप आहे. आक्षेप खोटा नाही. पण तेवढ्यावर विषय संपवला तर भाषेच्या अभ्यासकांच्या हातून एक महत्त्वाचा प्रश्न निसटतो.

आरंभीच्या व्हिडिओ गेममधील नायक जवळजवळ मुका होता. 1981 साली पडद्यावर अवतरलेला मारिओ धावतो, उडी मारतो, पडतो आणि पुन्हा उठतो. परंतु त्याला भूतकाळ नाही, विनोदबुद्धी नाही, बोलण्याची लकब नाही. ही उणीव चित्रकथेने भरून काढली. जपानमध्ये 1990 पासून यूकिओ सावादा यांची ‘सुपर मारिओ-कुन’ ही चित्रकथा ‘कोरोकोरो कॉमिक’ मासिकातून येऊ लागली आणि तीन दशकांहून अधिक काळ चालली. तेथे हा नायक बडबड्या आणि वेंधळा झाला. सॉनिक या निळ्या काटेरी प्राण्याचा खेळ 1991 मधला. 1993 साली अमेरिकेत आर्ची या प्रकाशनसंस्थेने आणि ब्रिटनमध्ये फ्लीटवेने त्याच्यावर स्वतंत्र नियतकालिके काढली. अमेरिकन सॉनिक जुलमी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांच्या टोळीत सामील झाला; ब्रिटिश सॉनिक मात्र मित्रांनाही टाकून बोलणारा, तोऱ्यात वागणारा निघाला. खेळ एक, रूप एक. परंतु वाणी बदलताच स्वभाव दोन झाले.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरतात आणि त्याला बोलते करतात. चित्र तेच राहते. कथा घडते ती निवेदकाच्या भाषेत. रामकथेचे प्रत्येक भाषेतील रूप वेगळे का, या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी तेथेच सापडते. मारिओला रामाच्या पंक्तीला बसवण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा एवढाच की दृश्याला भाषा मिळण्याची जी प्रक्रिया परंपरेत घडली, तीच या मासिकांतून बाजाराच्या वेगाने घडते आहे.

फरक आहे तो मालकीचा. चित्रकथ्याच्या कथेवर कोणा एकाचा ताबा नव्हता. खेळातील नायकाला मात्र धनी असतो. आर्चीच्या सॉनिकमालेचे दीर्घकाळ लेखन करणाऱ्या केन पेंडर्स यांनी आपण निर्माण केलेल्या पात्रांवर हक्क सांगितला. प्रकरण न्यायालयात गेले आणि 2013 मध्ये तडजोडीने मिटले. पुढे ती पात्रे मालिकेतून नाहीशी झाली आणि कथेची घडी नव्याने बसवावी लागली. वर्षानुवर्षे वाचकांनी जपलेल्या पात्रांची अशी बोळवण होऊ शकते, हे या प्रकाराचे खरे दौर्बल्य होय. म्हणूनच त्याची नोंद ठेवणारे अभ्यासक आणि ग्रंथालये अधिक आवश्यक ठरतात.

भारताचा या व्यवहाराशी आलेला एक संबंध येथे उद्‌बोधक ठरेल. युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड’ या खेळावर आधारित ‘ब्रह्मन’ ही चित्रकादंबरी 2013 साली निघाली. तिची पार्श्वभूमी रणजितसिंहाच्या अखेरच्या काळातील पंजाबची, नायक अरबाज मीर. हा नायक पुढे 2016 मध्ये पुन्हा खेळात गेला. लाहोर दरबाराची राजभाषा फारसी, लोकांच्या तोंडी पंजाबी. परंतु मूळ कथेतील पात्रे बोलतात इंग्रजी. भारतीय इतिहास कथावस्तू म्हणून बाहेर गेला आणि परभाषेचा पेहराव करून परतला.

ही विसंगती सर्वांत ठळकपणे दिसावी ती बंगळूरमध्ये. शहाजीराजांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृताच्या जोडीला अनेक देशभाषांतील कवनांना स्थान दिले. शहाजीराजांच्या बंगळूरशी निगडित असलेली ही बहुभाषिक स्मृती मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या अभ्यासकांनी जपण्याजोगी आहे. आधुनिक काळातही ‘अमर चित्रकथा’ या नावाची पहिली पुस्तके 1965 साली याच शहरातील पुढाकाराने, कन्नड भाषेत निघाली. त्यानंतर 2012 साली कोरमंगला येथील बंदिस्त क्रीडागारात कॉमिक कॉन भरले. चित्रकथा, खेळ आणि त्यांतील नायकांची वेशभूषा करून आलेले तरुण असा हा मेळा. त्यातील व्यवहाराची मुख्य भाषा मात्र इंग्रजी. कोरमंगला हा संगणक-व्यवसायाने गजबजलेला भाग. तेथे कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी अशा अनेक घरांतील मुले शेजारी शेजारी वाढतात. परंतु त्यांच्या आवडत्या नायकाला त्यांच्या घरची भाषा येत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की ही मुले इंग्रजीच वाचतात, मग देशी भाषेत मासिक काढून ते घेणार कोण? हे उत्तर कारणाला परिणाम समजते. 1964 ते 1990 या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि अन्य भाषांतही आवृत्त्या दिल्या. अमेरिकन फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला आणि या एका नावासरशी त्याच्यामागे गावकुसाबाहेरच्या देवस्थानांचे, पंचविशीतल्या कथांचे सारे वलय उभे राहिले. त्याच्या देशाचे नावही भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ असे बदलले. मराठी वाचकाने हा वेताळ परका मानला नाही, कारण अनुवादकाने त्याला नुसते शब्द नव्हे, तर आप्तसंबंध दिले होते. मागणी आधी होती आणि मग भाषांतर झाले, असे नाही. भाषांतराने मागणी निर्माण केली.

आज संधी आहे ती अधिक जवळची. पुण्यातील नॉडिंग हेड्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ 2020 साली प्रसिद्ध झाला. अपहृत भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. तिचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितले आहेत. कर्नाटकातील तोगलु गोंबेयाट आणि पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या या दोन्हींशी त्या शैलीचे नाते सहज जुळते. तरीही प्रथम प्रकाशनाच्या वेळी या कथेचे निवेदन इंग्रजीतच होते. अशा नायिकेवर मराठीत वा कन्नडमध्ये चित्रकथा-मासिक निघाले, तर ती मुलगी भावाला कोणत्या शब्दांनी हाक मारील, रागावल्यावर काय म्हणेल, देवीला कसे आळवील, हे लेखकाला ठरवावे लागेल. ते ठरवणे हेच वाङ्मयीन कार्य होय.

त्यासाठी तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. खेळांच्या चित्रकथेचे हक्क देताना भारतीय भाषांचा स्वतंत्र विचार व्हावा. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर यावे. वेताळाला मराठी बोलायला शिकवणाऱ्यांची नावे किती वाचकांना ठाऊक आहेत? आणि विद्यापीठीय ग्रंथालयांनी हे अंक रद्दीत जाण्यापूर्वी जतन करावेत. व्हिडिओ गेमचा नायक जन्मतः कोणत्याच भाषेचा नसतो. जी भाषा त्याला आधी बोलते करते, तिचा तो होतो. भारतीय भाषांनी हे काम दुसऱ्यावर सोपवले, तर पुढच्या पिढीच्या कल्पनेतील शूर, विनोदी आणि बंडखोर माणसे आपल्या भाषेत बोलतच नाहीत अशी तिची समजूत होईल. आणि एकदा दृढ झालेली ही समजूत कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दूर होणार नाही.