अंगणातील गंजलेली जीप: उभी करावी की मोडीत घालावी?

विद्यानगरात घर आणि कुंदगोळ, कलघटगी किंवा नवलगुंदकडे जमीन असलेल्या आपल्या शेतकरी बांधवांपैकी काहींच्या कंपाउंडात, नाहीतर शेतावरच्या शेडमध्ये, एखादी जुनी जीप उभी असते. आजोबांनी घेतली, वडिलांनी चालवली, मग ट्रॅक्टर आला, पुढे पिकअप आला आणि ही कोपऱ्यात गेली. आता तिच्या मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालतात. शहरातील हौशी लोक अशा जीपला चांगले पैसे मोजतात, असे कानावर आल्यापासून मात्र घरात वाद सुरू होतो. धाकट्याला ती चालू करायची असते, थोरल्याला विकायची असते, आणि आईला तिला कोणी हातच लावू नये असे वाटते. प्रश्न लोखंडाचा दिसतो खरा, पण त्यात घरचा पैसा, भावाभावांतील सलोखा आणि कधीकधी माणसाचा जीवही गुंतलेला असतो.

माझे मत आधीच सांगतो. जीप ठेवावी की नाही हे इंजिन पाहून ठरवू नये. चेसी, कागद आणि काम या तीन गोष्टी पाहून ठरवावे. बहुतेक घरी याच्या उलट चालते. मेकॅनिक येतो, बॅटरी जोडतो, इंजिन दोन वेळा खोकते आणि सुरू होते. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येते आणि त्याच दिवशी हजारो रुपयांचे सामान आणायला माणूस धावतो. इंजिन सुरू झाले याचा अर्थ एवढाच की इंजिन सुरू झाले.

ही गाडी आपल्याकडे आली कशी, हे थोडक्यात पाहू, कारण तिची किंमत त्यावरही ठरते. १९४५ साली लढाई संपली तेव्हा अमेरिकेतील विलीज कंपनीने लष्करी जीपची साधी आवृत्ती काढली आणि ती शेतकऱ्याचे वाहन म्हणून पुढे केली. आपल्याकडे १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. आपल्या विद्यानगरातील भूमरड्डी इंजिनिअरिंग कॉलेजचा जन्मही त्याच वर्षीचा. पन्नाशीच्या दशकात उंच बॉनेटची सी.जे. ३ बी जीप येथे बनू लागली. पुढे तिच्या लांब बहिणी आणि नंतर डिझेल जीप आल्या. तेव्हा आपल्या जीपचे साल कोणते, ती मूळची पेट्रोलची की डिझेलची, हे आधी समजून घ्यावे. सगळ्याच जुन्या जीपना 'विलीज' म्हणून सोन्याचा भाव येत नाही.

आता चेसी. भर उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, गाडी चार मजबूत ठोकळ्यांवर नीट टेकवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. पाण्याचा फवारा मारून खालची सर्व माती धुऊन काढावी आणि दोन दिवस वाळू द्यावी. आपली काळी माती चिकट. ती चेसीच्या पोकळीत आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यात ठासून बसते आणि पावसाळा संपला तरी महिनोन्महिने ओल धरून ठेवते. त्यात त्या गाडीतून युरियाची आणि सुपर फॉस्फेटची पोती वाहिली असतील तर खताच्या क्षारांनी काम आणखी बिघडवलेले असते. म्हणूनच वरून बरी दिसणारी गाडी खालून कुजलेली निघते.

वाळल्यावर अर्ध्या किलोची हातोडी आणि एक दाभण घेऊन खाली शिरावे. चेसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर वीतभर अंतराने ठोकत जावे. ठण्ण असा आवाज आला तर लोखंड जिवंत आहे. भद्द असा आवाज आला, किंवा खवल्यासारखे पापुद्रे सुटून पडले, तर तेथे दाभण टोचून पाहावे. गंज लोखंडापेक्षा फुगून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे कुजलेली पट्टी उलट जाडजूड दिसते आणि नवखा माणूस फसतो. कमानपट्टे जेथे चेसीला टांगलेले असतात त्या जागा, स्टिअरिंगचा डबा बसतो ती जागा आणि मागची आडवी पट्टी, येथे विशेष लक्ष द्यावे. तळाचा पत्रा, मडगार्ड, दरवाज्याची चौकट कुजली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तो पत्रा साधा आणि सरळ, कोणताही चांगला पत्राकाम करणारा घडवून देतो. पण कमानीच्या किंवा स्टिअरिंगच्या जागी दाभण आरपार गेले, तर तिच्यावर पैसा घालू नये असे मी स्पष्ट सांगेन. वर पट्टी मारून वेल्डिंग केले की दिसायला काम झालेले दिसते. खड्ड्यात आदळल्यावर ती जागा सुटते आणि स्टिअरिंग हातात राहते.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. जाम झालेल्या पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकांतून थोडे डिझेल सोडून आठवडाभर ठेवावे आणि मग हँडलने हलक्या हाताने फिरवून पाहावे. ब्लॉकला तडा नसेल तर बाकीचे काम लेथवर होते. हुबळीच्या गोकुळ रोडवरील कारखाने आणि बेळगावचे उद्यमबाग आपल्याला दूर नाही. एक नवी अडचण मात्र ध्यानात घ्यावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते जुने रबर खाते आणि ओल ओढते. तेव्हा पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा आणि गंजकी टाकी बदलण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा.

कागदांची गोष्ट लोखंडापेक्षा कठीण. आर.सी. बुक आजोबांच्या नावावर असेल तर वारसाने फॉर्म ३१ भरून ते आपल्या नावे करून घेतले पाहिजे, आणि इतर भावंडांची लेखी संमती आधी घ्यावी. ही संमती खर्च करण्याच्या अगोदर घ्यावी, कारण जीप चकचकीत झाल्यावर तिच्यात सगळ्यांचा वाटा आठवतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ती दहा हजार झाली. शिवाय उशीर झाल्यास महिन्याला पाचशे रुपये वेगळे. पेट्रोलच्या जीपला मध्येच कोणी डिझेलचे इंजिन बसवले असेल आणि पुस्तकात पेट्रोलच लिहिले असेल, तर आर.टी.ओ.त काम अडते. मूळ रचनेत कायद्याविरुद्ध बदल केलेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे.

काहीजण म्हणतात, पन्नास वर्षे झाली, 'व्हिंटेज'मध्ये नोंदवू. तशी सोय २०२१ पासून आहे. वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. पण त्या नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला किंवा भाड्याला ती चालत नाही. शेतावर मजूर आणि बियाणे न्यायचे असेल तर ही वाट आपली नव्हे.

कोणी बाहेरून जुनी जीप विकत घेणार असेल, त्याने १९४८ सालचे जीप प्रकरण आठवावे. लंडनमधील आपल्या उच्चायुक्तांनी लष्करासाठी जीप घेण्याचा ऐंशी लाखांचा करार केला, बरेच पैसे आगाऊ दिले, आणि अखेर १५५ जीप येथे उतरल्या, त्याही लष्कराच्या उपयोगाच्या निघाल्या नाहीत. सरकारने फसावे आणि आपण फोटो पाहून आगाऊ रक्कम पाठवावी, हे काही शहाणपणाचे नाही.

या पानावर आरोग्याचेही बोलले पाहिजे. गंज लागल्याने धनुर्वात होतो ही समजूत अर्धीच खरी. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात, आणि कोंबड्या-गुरांच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या जीपचा पत्रा खोल टोचला की ते जखमेत शिरतात. दहा वर्षांत टी.डी.ची सुई घेतली नसेल तर काम काढण्यापूर्वी घ्यावी. खोल जखम झाल्यास ती वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ती धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून कोरडा पॉलिश पेपर घासताना मुलांना जवळ येऊ देऊ नये. आणि त्या काळच्या जीपला चारही चाकांच्या ब्रेकची नळी एकच. एका ठिकाणी गळती झाली की सगळे ब्रेक गेले. त्या नळ्या नव्याच घालाव्यात, येथे काटकसर करू नये.

राहिले काम. नवलगुंदच्या काळ्या रानात पावसात, किंवा कलघटगीच्या चढावर, लो गिअरमधील जीप अजूनही पिकअप जाणार नाही तेथे जाते, हे मान्य. वर्षातून अशी किती दिवस गरज पडते ते मोजा. पेट्रोलची जीप लिटरला आठ-दहा किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाते. चेसी पक्की, कागद स्वच्छ आणि वर्षातून निदान महिनाभराचे काम असेल तर जीप अवश्य उभी करा. खर्च सुगीच्या शिलकीतून, दोन-तीन वर्षांत थोडाथोडा करा: पहिल्या वर्षी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. सोसायटीच्या पीककर्जातून किंवा घरातले सोने ठेवून ती उभी करायला माझा साफ विरोध आहे. नुसती आठवण जपायची असेल, तर त्यातही लाज नाही. छपराखाली ठोकळ्यांवर ठेवा, टाकी रिकामी करा, पण मग तिच्यावर खर्च करू नका.

मोडीत घालायचेच ठरले तर फिरत्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. सरकारमान्य भंगार केंद्रात देऊन दाखला घ्या, आणि चौदा दिवसांच्या आत आर.सी. बुक परत करून आर.टी.ओ.त नोंद रद्द करून घ्या. नाहीतर तिचा नंबर दुसऱ्या गाडीला लावून कोणी काही केले, तर पोलीस विद्यानगरात तुमचेच दार ठोठावतील.