परमुलुखांतील नैवेद्य

नोकरी, व्यापार वा उच्च शिक्षण ह्या निमित्तानें आमच्या वाचकांच्या कित्येक घरांतील तरुण मंडळी सिंगापूर-मलेशियाकडे राहावयास गेलेली आहेत. त्यांच्याकडून येणाऱ्या खबरींत पहिल्या वर्षीं बहुधा एकच सूर असतो : येथें हापूस नाहीं, पेढा नाहीं, सणावारीं ताट सुनें वाटतें. मग घरचीं माणसें येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर लाडूंचे डबे धाडूं लागतात. ह्या मायेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु डब्याची वाट पाहतां पाहतां दाराबाहेरच्या बाजारांत काय पिकतें तेंही पहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.

तेथील फळफळावळीचा खरा हंगाम साधारण ज्येष्ठापासून श्रावणापर्यंतचा. मँगोस्टीन हें जांभळ्या जाड सालीचें, मुठींत मावणारें फळ त्यांतलें सर्वांत सालस. साल दोन्ही तळव्यांत दाबून फोडली कीं आंत पांढऱ्याशुभ्र पाकळ्या दिसतात. गंमत अशी कीं, फळाच्या बुडाशीं जें फूल उमटलेलें असतें, त्याच्या पाकळ्या मोजाव्या. तितक्याच पाकळ्या आंत निघतात. हें फळ आपल्या कोंकणच्या रातांब्याचें सख्खें भावंड. दोघांची शास्त्रीय प्रजाति गार्सीनिया हीच. आणि सालीचा डाग वस्त्रावरून न जाण्याचा गुणही दोघांत सारखाच!

ड्यूरियनची गोष्ट निराळी. 'दुरी' म्हणजे मलायी भाषेंत कांटा. त्यावरून हें नांव. त्याचा दर्प असा उग्र कीं सिंगापूरच्या आगगाड्यांत तें नेण्यास मनाई आहे. उलट, आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्या सृष्टिशास्त्रज्ञानें १८६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, केवळ ह्या फळाच्या चवीसाठीं पूर्वेकडचा प्रवास सार्थकीं लागेल असा अभिप्राय दिला. मलेशियांत हें फळ झाडावरून तोडीत नाहींत. पिकून आपोआप गळालेलेंच उत्तम मानतात. ड्यूरियन उष्ण, म्हणून त्यावर थंड मँगोस्टीन खावें, असें तेथील म्हाताऱ्या सांगतात. हें ऐकून आपल्या आजीबाईंची आठवण कोणास होणार नाहीं?

शब्दांतही अशीच ओळख पटते. डाळिंबास तेथें 'देलिमा' म्हणतात, तें आपलें दाडिम. मधास 'मादू', साखरेस 'गुला', म्हणजे संस्कृतांतील गुड. मलाक्का शहर ज्या वृक्षाच्या नांवानें ओळखलें जातें, तो आपला आवळा. नारळाच्या माडाचा रस आटवून केलेल्या काळसर गुळास ह्याच शहरावरून 'गुला मलाका' म्हणतात. तेथील गोडधोडाचा प्राण तोच. ओंदे-ओंदे नांवाच्या हिरव्या गोळ्यांत हा गूळ भरून ते उकळत्या पाण्यांत शिजवितात व ओल्या खोबऱ्यांत घोळतात. आमच्या मोदकांत खोबरें आंत, ह्यांत बाहेर, इतकाच काय तो भेद. हिरवा रंग व सुवास पांदान पानाचा. तें केवड्याच्या जातीचें असून कोंकणांतील कांहीं परसांत भाताला वास येण्यासाठीं लावतात. 'पुतु मायाम' पाहिल्यावर तर मालवणकडील मंडळींस आपले शिरवळेच वाटतील.

मात्र शाकाहारी मंडळींनीं विचारून घ्यावें हें बरें. नारळाच्या दुधाच्या 'काया' नामक मुरंब्यांत अंडें असतें, आणि चिनी दुकानांतील कांहीं पापुद्र्यांच्या मिठायांत चरबी असते. विचारण्यांत संकोच नसावा. विक्रेता राग मानीत नाहीं.

आतां खरा प्रश्न. श्रावणांत तेथें सत्यनारायण केला, तर देवापुढें ठेवावें काय? कित्येक घरीं ह्यावरून सासूसुनांत मतभेद होतात, हें आम्हांस ठाऊक आहे. वडीलधाऱ्यांस वाटतें, अनोळखी फळ नैवेद्यास कसें चालावें? परंतु आपल्या पूजाविधींतील शब्द 'ऋतुकालोद्भव फल' असा आहे. त्यांत ना आंब्याचा आग्रह, ना केळ्याचा. ज्या ऋतूंत जें पिकेल, तें देवाचें. दूरच्या प्रवासानें मलूल झालेल्या फळापेक्षां सकाळीं झाडावरून उतरविलेलें रामबुतान त्या शब्दाला अधिक साजेसें नव्हे काय? आणि ज्या मुलाचें बालपण त्याच झाडाखालीं चाललें आहे, त्यास आपल्या अंगणांतील फळ आपल्या देवास चालत नाहीं असें शिकविलें, तर पुढें त्याला एक तर देव परका वाटेल, नाहीं तर अंगण.

साम्य शोधणें ही ओळखीची पहिली पायरी होय. तेथेंच थांबूं नये. मँगोस्टीन रातांब्यासारखें म्हणून नव्हे, मँगोस्टीन म्हणूनच गोड लागावयास हवें. घरीं राहिलेल्या आजीआजोबांसही आमची विनंति आहे. यंदा मुलांचा दूरध्वनि येईल, तेव्हां हापूस मिळाला कीं नाहीं हें अवश्य विचारावें, पण त्याआधीं विचारावें, "तुमच्याकडे सध्यां काय पिकलें आहे?"