इशारा पुसू नका, वाचा!



गेल्या दिवाळीच्या सुटीतील एक गोष्ट प्रथम सांगतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, पण माझे घर मुळशी तालुक्यातील उरवडे गावी आहे. सुटीत शेजारची दोन भावंडे, भाऊ आठवीतला आणि बहीण दहावीतली, माझ्या जुन्या संगणकावर काहीतरी करून पाहायला येतात. त्या संगणकावरची पायथॉन भाषा जुन्या आवृत्तीची होती. मुलांना नवी हवी होती. मी म्हटले, "तयार आणू नका. या भाषेचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. तो उतरवून घ्या आणि भाषा इथेच बांधा."

तुम्ही विचाराल, भाषा बांधायची म्हणजे काय? पायथॉन ही स्वतःच एक मोठी आज्ञावली आहे आणि तिचा गाभा सी नावाच्या दुसऱ्या भाषेत लिहिलेला आहे. माणसाने लिहिलेला तो मजकूर संगणकाला थेट कळत नाही. तो यंत्राच्या आज्ञांत उतरवून देणारा एक दुभाषा लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. शेकडो फाइली एकेक करून उतरवायच्या आणि शेवटी सगळे तुकडे जोडून एक चालते यंत्र उभे करायचे, या साऱ्या खटाटोपाला बांधणी म्हणायचे. एखादा तुकडा सापडला नाही, किंवा दोन तुकड्यांचे जमले नाही, की बांधणी अडते.

मुलांनी आज्ञा दिली. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. बऱ्याच वेळाने त्या थांबल्या. 'चूक' असा शब्द कोठे दिसला नाही. मुलांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायथॉनमधल्या कासवाकडून चित्र काढून घ्यायचे ठरवले. हे कासव पडद्यावर चालते आणि त्याच्या मागे रेघ उमटते. पण कासव काही येईना! आवश्यक तो भाग सापडत नाही, असे उत्तर आले. "सर, पायथॉन बिघडले," धाकटा म्हणाला.

मी त्यांना बांधणी पुन्हा करायला सांगितली आणि या वेळी शेवटच्या दहा ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. त्यांत स्पष्ट लिहिले होते की, पुढील ऐच्छिक भाग बांधण्यासाठी लागणारे साहित्य मिळाले नाही. खालच्या यादीत पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या भागाचे नाव होते. कासव त्याच भागावर चालते. ते साहित्य आम्ही संगणकात घातले, बांधणी पुन्हा केली आणि कासव चालू लागले.

पायथॉन बिघडले नव्हते. यंत्राने आदल्या दिवशीच सांगितले होते. आम्ही वाचले नव्हते, एवढेच.

मित्रहो, या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. यंत्राने दिलेला इशारा वाचणे आणि त्याचे कारण शोधून ते दूर करणे हे हलके काम नाही. ते विज्ञानाचेच काम आहे, आणि ते शिकायला तुम्हाला पदवीची वाट पाहण्याची गरज नाही.

कंपायलर दोन प्रकारे बोलतो. व्याकरणच चुकले असेल तर तो चूक दाखवून थांबतो. पण मजकूर व्याकरणाने बरोबर असून संशयास्पद वाटला, तर तो काम पुढे नेतो आणि जाता जाता एक इशारा देतो. उदाहरण घ्या. सी भाषेत एक '=' चिन्ह म्हणजे 'ही किंमत ठेव' आणि दोन '==' म्हणजे 'दोन्ही समान आहेत का ते पाहा'. 'जर गुण समान ३५ असतील तर' असे लिहिताना तुम्ही एकच चिन्ह टाकलेत तर काय होईल? संगणक तपासणी करणार नाही. तो गुणांच्या जागी ३५ ठेवील आणि साऱ्या वर्गाला पास करील! वाक्य व्याकरणशुद्ध आहे, म्हणून बांधणी अडत नाही. मात्र कंपायलरला सर्व नेहमीचे इशारे द्यायला सांगितले असेल, तर तो या ओळीवर बोट ठेवतो.

असे बोट ठेवणारी एक आज्ञावली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये लिहिली. तिचे नाव लिंट. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले तंतूंचे बारीक कण. कापड फाटलेले नसते, पण त्यावरचे कण झटकायला हवेत, अशी ती कल्पना. पुढे हे काम कंपायलर स्वतःच करू लागले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी हा मुक्त कंपायलर आज असे अनेक प्रकारचे इशारे देतो.

आता तुम्ही म्हणाल, "आज्ञावली चालते ना? मग इशाऱ्याकडे कशाला पाहायचे?" याचे उत्तर देणाऱ्या दोन खऱ्या घटना सांगतो.

पहिली घटना फेब्रुवारी २०१४ मध्ये उघडकीस आली. ॲपल कंपनीच्या फोनमध्ये सुरक्षित संपर्काची तपासणी करणारा एक भाग होता. त्यात 'तपासणी सोडून शेवटाकडे जा' अशा अर्थाची एक ओळ चुकून लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीच्या अधीन होती. दुसरीला कोणतीच अट नव्हती, त्यामुळे ती नेहमीच अमलात येई आणि खालची महत्त्वाची तपासणी कधी होतच नसे. कुलूप लावल्यासारखे दिसे, पण ते लागलेले नसे. खालच्या ओळींपर्यंत कधीच पोहोचता येत नाही, हे ओळखून इशारा देण्याची सोय काही कंपायलरांत तेव्हाही होती, पण ती मुद्दाम सुरू करावी लागे. जीसीसीच्या २०१६ मधील सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या मांडणीबद्दलचा इशारा नेहमीच्या इशाऱ्यांत घालण्यात आला.

दुसरी घटना याच्या उलट आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीसाठी काम करणाऱ्या एका स्वयंसेवकाला २००६ मध्ये एक इशारा दिसला. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या आज्ञावलीत किंमत न भरलेली स्मृती वापरली जात आहे, असे तपासणीचे साधन सांगत होते. त्याने जाणत्यांना विचारलेही, पण प्रश्नोत्तरांत गैरसमज राहिला. त्याने संबंधित ओळी काढून टाकल्या. इशारा थांबला. पण त्यांतील एका ओळीतून किल्ल्यांसाठी लागणारा जवळजवळ सगळा यदृच्छपणा येत होता! त्यानंतर प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी सुमारे ३२,७६८ शक्यताच उरल्या. एवढ्या किल्ल्या तर संगणक थोड्या वेळात लावून पाहू शकतो. हा दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला आणि तोवर तयार झालेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या.

पहिल्या गोष्टीत इशारा विचारलाच गेला नाही. दुसरीत तो पुरता न समजताच बंद झाला. मला या दोन्ही चुका प्रयोगशाळेत दर वर्षी दिसतात. आलेखावर नऊ बिंदू सरळ रेषेत येतात आणि दहावा बाजूला पडतो. काही विद्यार्थी त्याच्याकडे पाहत नाहीत. काही हुशार विद्यार्थी तो खोडरबराने पुसतात आणि रेषेवर नवा काढतात! पेन्झिअस व विल्सन यांच्या ॲन्टेनात १९६४ मध्ये एक कुरकुर ऐकू येत होती आणि ती काही केल्या जात नव्हती. त्यांनी ॲन्टेनातील कबुतरांची घाणसुद्धा साफ केली, तरी कुरकुर राहिली. त्यांनी ती पुसून टाकली नाही. ती विश्वाच्या आरंभकाळापासून आलेल्या प्रारणाची निघाली आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कोणी असे म्हणेल की, बहुतेक इशारे निरुपद्रवी असतात. हे खरे आहे. पण दोनशे निरुपद्रवी इशाऱ्यांच्या गर्दीत दोनशे एकावा, खरा इशारा तुम्हाला दिसेल काय? म्हणून चांगले आज्ञावलीकार निरुपद्रवी इशाऱ्यांचीही कारणे दूर करतात आणि पाटी कोरी ठेवतात. कोऱ्या पाटीवर एक ओळ उमटली तरी लगेच दिसते.

शिवाय आजचा इशारा उद्या बांधणी अडवू शकतो. सी भाषेत एखादे कार्य आधी ओळख करून न देता वापरले, तर कंपायलर पूर्वी असे धरून चाले की त्याचे उत्तर साधा पूर्णांक असेल. आजच्या ६४ बिटांच्या संगणकात हे धोक्याचे आहे. उत्तर म्हणून स्मृतीतील ६४ बिटांचा पत्ता आला आणि तो ३२ बिटांचा पूर्णांक समजला गेला, तर निम्मा पत्ता गळून पडतो. पिनकोडचे अर्धे आकडे पुसून पत्र पेटीत टाकण्यासारखेच हे झाले. भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात ही सवलत रद्द झाली. तरी जुन्या आज्ञावली मोडू नयेत म्हणून जीसीसी वर्षानुवर्षे नुसता इशारा देत राहिला. २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीत त्याने तीच गोष्ट चूक ठरवली. ज्यांनी इशारे वाचून दुरुस्ती केली होती त्यांना काही त्रास झाला नाही. इतरांची बांधणी अडली.

हे काम दूरच्या देशांतील लोकांचेच आहे, असे मात्र समजू नका. पवईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीचे अंतरंग समजावून देणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. आमच्याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे. तेथील केपीआयटी कंपनीने, तेव्हा तिचे नाव केपीआयटी कमिन्स होते, सीआर१६ नावाच्या प्रोसेसरसाठी जीसीसीचा एक भाग लिहून २०१२ मध्ये जगाला दिला. उरवड्याहून हिंजवडी काही फार दूर नाही.

आता थोडे वेगळे बोलतो. उरवड्यात 'इशारा' हा शब्द हलकेपणाने घेता येत नाही. ७ जून २०२१ रोजी गावातील एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या आगीची कारणे सांगणे हे माझे काम नाही. कंपायलरच्या इशाऱ्याशी तिची तुलनाही मी करीत नाही. पण आज आज्ञावल्या कारखान्यांतील झडपा, रुग्णालयांतील यंत्रे आणि रेल्वेचे सिग्नल चालवतात. त्या लिहिणारे हात उद्या तुमचे असतील. इशारा दिसला की थांबण्याची सवय त्या हातांना शाळेतच लागावी, असे मला या गावात राहून फार वाटते.

म्हणून शाळांना माझी एक विनंती आहे. संगणकाच्या तासाला नवी आज्ञावली लिहिणाऱ्याला आपण गुण देतो. दुसऱ्याची अडलेली बांधणी सुरू करणाऱ्यालाही गुण द्या. आपल्याकडे विहीर खणणाऱ्याचे नाव दगडावर कोरतात. दर उन्हाळ्यात तिचा गाळ काढणाऱ्याचे नाव मात्र कोणी विचारत नाही, आणि पाणी तर दोघांमुळे मिळते!

आणि तुम्ही काय करावे? मूळ मजकूर खुला असलेली एखादी छोटी आज्ञावली घ्या आणि सर्व इशारे चालू ठेवून ती बांधा. पुष्कळ इशारे दिसले तर पहिल्यापासून सुरुवात करा, कारण एका चुकीतून पुढच्या दहा निघतात. इशारा वहीत जसाच्या तसा उतरवा. तो का आला असेल, याचा तुमचा अंदाज त्याखाली लिहा. मग एका वेळी एकच बदल करा आणि बांधणी पुन्हा करून पाहा. आज्ञावली पूर्वीसारखेच काम करते ना, हेही तपासा. कारण कळले नाही तर ओळ पुसू नका. जाणत्याला विचारा, आणि विचारताना संपूर्ण इशारा दाखवा. खात्री झाली की तुमची दुरुस्ती त्या आज्ञावलीच्या सांभाळकर्त्यांकडे पाठवा. ती एका ओळीची असली तरी चालेल. ती नाकारली गेली, तर का नाकारली ते वाचा. तोही एक धडाच आहे.

शेजारच्या त्या दोन मुलांनी आता अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर थोरलीच्या अक्षरात कासवाची हकिकत आहे, आणि तिच्याखाली धाकट्याने लिहिले आहे, 'शेवटच्या दहा ओळी वाचणे.' तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर काय असेल?