खाते म्हणजे प्रक्रिया नव्हे

संबंधित कामे एकत्र बांधली की व्यवसाय-प्रक्रिया होते, याबद्दल कुणाचे दुमत नाही. वाद आहे तो ‘संबंधित’ कशाला म्हणायचे याचा. बहुतेक कंपन्या एका जातीची कामे एकत्र करतात, बिले तपासणारे इकडे आणि खरेदी करणारे तिकडे, आणि खात्यालाच प्रक्रिया समजतात. समर्थन असे की, माणूस एका कामात तरबेज होतो. शिवाय माल मागवणारा आणि पैसे देणारा वेगळा असल्याने लबाडीला आळा बसतो. दोन्ही खरे. पण त्यातून खाते असावे एवढेच सिद्ध होते.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील देणी विभागात ५००हून अधिक माणसे होती. संगणक आणून ती ४००वर आणण्याचा बेत होता. तेवढ्यात माझदात हेच काम ५ जण उरकतात असे कळले. माझदा लहान कंपनी हे धरूनही ही तफावत पचणारी नव्हती. फोर्डमध्ये खरेदी खात्याची पर्चेस ऑर्डर, माल उतरवून घेणाऱ्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल यांवरच्या १४ बाबी जुळल्या तरच पैसे सुटत. न जुळणाऱ्या कागदांचा माग काढण्यातच कारकुनांचा दिवस जाई. घोळ व्हायचा दुसरीकडे, निस्तरायचा देणी विभागाने. त्या एका विभागाची कितीही झाडलोट केली असती तरी तो मिटला नसता.

अखेर फोर्डने माल मागवण्यापासून पैसे चुकते होईपर्यंतची अख्खी खरेदी हाती घेतली. ऑर्डर संगणकात नोंदवायची. माल आला की तिथेच पडताळायचा. जुळला तर घ्यायचा, नाहीतर परत. माल घेतल्याची नोंद हीच पैसे देण्याची खूण, बिल हवेच कशाला? जुळवायच्या बाबी उरल्या ३: भाग क्रमांक, मोजमापाचे एकक, पुरवठादाराचा संकेतांक. विभागातली माणसे ७५ टक्क्यांनी घटली. मागवणारा आणि माल घेणारा मात्र वेगळेच राहिले, त्यामुळे लबाडीची भीतीही निराधार ठरते. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये हे उदाहरण गाजवले.

कंपनीतले सगळेच एकमेकांत गुंतलेले असते, मग सगळी कंपनीच एक प्रक्रिया का नाही, हा आक्षेप चतुर आहे, पण टिकत नाही. काम कशामुळे सुरू होते आणि कोणाच्या हाती काय पडले की संपते, हे विचारले की सीमा आखली जाते. वर्षभरासाठी पुरवठादार निवडणे खरेदी खात्यातच होते, तरी त्याची सुरुवात आणि शेवट वेगळे. म्हणून ती दुसरी प्रक्रिया.

प्रक्रियांच्या नावाखाली नोकरकपात झाली, हा आक्षेप अधिक वजनदार. या विचाराचे एक पुरस्कर्ते थॉमस डेव्हनपोर्ट यांनीच १९९५ मध्ये प्रक्रिया नव्याने आखण्याच्या या लाटेला माणसांचा विसर पडल्याची टीका केली. ती रास्त आहे. पण तिचा रोख कामे कशी जोडली यावर नाही, जोडल्यावर वाचलेल्या माणसांचे काय केले यावर आहे.