पडदा कोणाच्या मालकीचा?

‘दशावतार’ हा मराठी चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. सिंधुदुर्गातील जत्रांतून रात्र जागविणारा दशावतारी कलावंत आणि त्याच्या भूमीवर आलेले संकट हा त्याचा विषय. महाराष्ट्रभर त्याचे कौतुक झाले व ते योग्यच आहे. तथापि ज्या मातीतून हे कथानक उचलले गेले, त्या मातीतल्या माणसास, आचऱ्याच्या रापणकारास वा तळाशीलच्या मासळी विकणाऱ्या बाईस, तो पाहण्यासाठी किती कोस जावे लागते आणि तिकिटाहून एस. टी.चे भाडे किती अधिक पडते, हा प्रश्न आम्ही विचारू इच्छितो. लहान गावातील जुन्या चित्रपटगृहाचा प्रश्न हा स्मरणरंजनाचा नसून सार्वजनिक संपत्तीच्या वाटणीचा आहे.

या वास्तूंचे ऐतिहासिक कार्य नीट समजून घेतले पाहिजे. देवळाच्या सभामंडपात कोणी कोठे बसावे हे जन्माने ठरत असे. तंबूतल्या फिरत्या सिनेमाने आणि पुढे तालुक्याच्या गावी उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या छपराच्या चित्रपटगृहाने ते तिकिटावर ठरविले. पैशाची उतरंड तेथेही होतीच; जमिनीवर बसणारा आणि खुर्चीवर बसणारा असा भेद तेथेही होता. परंतु अंधार झाला की शेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची सोय उरत नसे. समतेचा हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

अशा वास्तूंची आपण काय गत केली? पुण्याच्या मंडईजवळचे ‘आर्यन’ हे गंगाधर नथुजी पाठक यांनी १९१५ मध्ये उभारलेले चित्रपटगृह. बाबुराव पेंटर यांची ‘सैरंध्री’ १९२० मध्ये तेथेच झळकली. १९८३ मध्ये ही वास्तू पाडण्यात आली व त्या जागेवर वाहनतळ आला. मोटारीला जागा हवी होती, ती मिळाली. इतिहासाला जागा मागणारा कोणी नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. लालबागचे ‘भारतमाता’ हे गिरणगावाचे चित्रपटगृह. म्हणजेच मालवण, देवगड, वेंगुर्ल्याहून पोट भरण्यास गेलेल्या चाकरमान्यांचे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन उलटेपालटे केले. गिरण्यांची धुराडी थंड झाली, चाळींच्या जागी मनोरे आले. भारतमातेने मात्र परवडणाऱ्या दरात मराठी चित्रपट दाखविणे चालू ठेवले. तिच्याखालची जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. भाडेपट्ट्याच्या वादातून ती बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा कलावंत व नागरिक रस्त्यावर उतरले. वास्तू लोकांच्या आठवणीत आणि जमीन दुसऱ्याच्या दप्तरात, हे या प्रश्नाचे खरे स्वरूप आहे.

याउलट मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस पाहावे. १९९३ पासून बंद असलेली ती वास्तू जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडली व पुढच्याच वर्षी तिला युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार लाभला. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु ज्या वास्तूला राजघराण्याचा मालक आणि संगमरवराचा जिना आहे तीच वारसा, आणि ज्या बाकावर गिरणी कामगार बसला ते भंगार, ही व्याख्या आम्हास मान्य नाही.

लहान चित्रपटगृहे का मोडतात? प्रेक्षक घरोघरच्या पडद्यांकडे गेला, हे खरे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तेवढेच कारण नाही. बाजारपेठेतील जागेचे मोल तिकिटाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट वाढले की चालू व्यवसायापेक्षा मोकळा भूखंड अधिक किफायतशीर ठरतो. मालकाला दोष देऊन भागत नाही. भूखंडाचे अर्थशास्त्रच त्याला तसे वागण्यास भाग पाडते. जमिनीची ही मूल्यवृद्धी त्याने श्रमाने निर्माण केलेली नसते, ती समाजाने केलेली असते. म्हणून तिच्यावर समाजाचाही हक्क पोचतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ही सवलत स्वागतार्ह आहे. पण जे चित्रपटगृह बंदच पडले त्याला करकपातीचा लाभ कसा होणार?

यावर आमच्याच काही सहकाऱ्यांचा आक्षेप आम्हास ठाऊक आहे. रुग्णालयात डॉक्टर नाही, उन्हाळ्यात विहिरी आटतात, आणि तुम्ही सिनेमाची चिंता वाहता? आक्षेप प्रामाणिक आहे. रुग्णालयाचा पैसा चित्रपटगृहाकडे वळवा, असे आम्ही म्हणत नाही. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर विशेष कर घेतला जातो व तो चित्रपट आणि चित्रपटगृहे यांच्याच साहाय्यासाठी खर्च होतो. तेथील अनेक लहान गावांत नगरपालिकेच्या मालकीची चित्रपटगृहे आहेत. दूर कशाला, १९७५ मध्ये स्थापन झालेले केरळचे राज्य चित्रपट विकास महामंडळ स्वतःची चित्रपटगृहे चालविते. मालवणात मामा वरेरकरांच्या नावाचे नाट्यगृह नगरपरिषदेच्या छत्राखाली उभे राहू शकते, तर पडद्यानेच काय पाप केले?

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. वापरातील बदलाची परवानगी देताना नव्या इमारतीत लहान प्रेक्षागृहाची अट असावी व ती कागदावर राहू नये. विक्रीस निघालेली वास्तू विकत घेण्याचा पहिला अधिकार नगरपरिषदेस वा प्रेक्षक-कामगारांच्या सहकारी संस्थेस मिळावा. दिवसा शाळेचे कार्यक्रम, सायंकाळी चित्रपट, हंगामात दशावतार व मालवणी नाटक असा बहुविध वापर झाला, तर खर्चाचे तोंडमिळवणी करणे अशक्य नाही. हे सर्व होण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी एक साधे काम करावे. आपापल्या तालुक्यात कोणती चित्रपटगृहे होती, कोणती उभी आहेत, जमीन कोणाच्या नावे आहे, याची नोंद करावी. ऑपरेटर आणि डोअरकीपर यांच्या तोंडचा इतिहास लिहून घ्यावा; ती माणसे आता थकली आहेत.

नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविणारा हा प्रदेश आहे. कोकणात रेल्वे नफ्याच्या हिशेबात बसत नाही, असे येथे वर्षानुवर्षे ऐकविले गेले. १९९८ मध्ये ती संपूर्ण मार्गावर धावली. माणसांना एकमेकांशी जोडणाऱ्या गोष्टींचा हिशेब निराळ्या वहीत मांडावा लागतो, हे कोकणाने एकदा सिद्ध केले आहे. रेल्वेने आपला माणूस मुंबईहून घरी आणला. घरी आल्यावर चारचौघांत बसून आपलेच जीवन पाहण्यास त्याच्या गावात एक पडदा असावा, एवढीच ही मागणी आहे.