वर्गणी न मागणारं सबस्क्रिप्शन

यवतमाळात वर्गणी म्हटली की दुर्गोत्सव. नवरात्राच्या आधी मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात आणि आकडा ठरेपर्यंत हलत नाहीत. त्यामुळे मोबाइलवर ‘सबस्क्राइब’ असं बटण दिसलं की इथला माणूस आधी खिसा चाचपतो. त्यात त्याची चूक नाही. शब्दकोशही त्या शब्दाचा अर्थ वर्गणीदार होणं असाच सांगतो. पॉडकास्टला मात्र बहुतेक वेळा एक रुपयाही पडत नाही. पेपरवाल्याला घराचा पत्ता देऊन ठेवावा, तेवढाच हा व्यवहार. पुढचा भाग निघाला की तो आपसूक फोनवर येऊन पडतो.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गीत, वर्षभरात ५६. गदिमा लिहायचे, सुधीर फडके चाली लावायचे, आणि घरोघरी रेडिओला हार घातले जायचे. हेच गदिमा १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा वेळ रेडिओची असायची आणि माणसं तिच्यामागं धावायची. आता वेळ ऐकणाऱ्याची आहे. निवडही त्याचीच, आणि गाडी अडते ती तिथंच.

कुठल्याही अ‍ॅपचं पहिलं पान म्हणजे बाजाराच्या दिवशीची दर्शनी दुकानं. जे खूप लोक ऐकतात तेच तिथं मांडलेलं असतं. ‘अमुक तमुक’ किंवा ‘व्हायफळ’ असे गप्पांचे कार्यक्रम तिथं सहज भेटतात आणि ते ऐकण्यासारखेही आहेत. पण ज्याला कापसाचे भाव, जुनी नाटकं किंवा वऱ्हाडी बोली हवी, त्याला आत गल्लीत शिरावं लागतं. विषयाचा शब्द देवनागरीत टाकून पाहावा, मग रोमन लिपीत, मग इंग्रजी प्रतिशब्द. तरी फसगत ठरलेलीच. ‘वऱ्हाड’ लिहिलं तर ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ समोर येण्याचीच शक्यता जास्त. त्यातलं वऱ्हाड लग्नाचं आणि बोली मराठवाड्याची! त्यापेक्षा आवडीच्या माणसाचं नाव शोधावं. एखादा अभ्यासक कुणाकडे पाहुणा म्हणून बोलून गेला असेल, तर त्या यजमानाचे इतर भागही बहुधा कामाचे निघतात. आणि पहिल्या भागावरून पारख करू नये. पहिल्या भागात सगळेच घसा खाकरत असतात.

आपली यादी आपल्याकडे ठेवावी, हेही ओघानं आलं. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट बंद झालं, तेव्हा लोकांना आपल्या कार्यक्रमांची यादी दुसरीकडे हलवावी लागली. बऱ्याच अ‍ॅपमधून ती छोट्या फाइलच्या रूपात बाहेर काढता येते. अ‍ॅप बदललं तरी वर्गणीदार तोच राहतो.

तक्रार आहे ती वेगळीच. आजकाल पॉडकास्ट म्हणजे दोन खुर्च्या, दोन जाडजूड माइक आणि दोन तासांचा व्हिडिओ. ऐकायची चीज बघायची होऊन बसली. दिवाळीच्या सुमाराला राळेगाव-कळंबच्या शिवारात वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर, डोळे पुढच्या झाडावर. मोकळे असतात ते फक्त कान. त्या बाईला स्क्रीन काय कामाची?

आणि तिला फक्त करमणूकच हवी असते असं कुणी समजू नये. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं पंप पाठीवर घेतलेल्या मजुरानं कधी वाचायची? वारा कुठल्या दिशेचा, तोंडाला काय बांधायचं, उलटी झाली तर आधी काय करायचं, हे पाच मिनिटांत, वऱ्हाडीत, नेट नसताना ऐकू येईल असं आधीच फोनवर उतरवून ठेवता येतं. झरी-जामणी, केळापूरकडे ते कोलामीतही हवं. छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वरा’नं २०१० सालीच साध्या फोनवरून गोंडीत बोलायची-ऐकायची सोय केली होती, मग यवतमाळ जिल्ह्यात ते अशक्य का मानायचं?

बोलणारे इथं कधीच कमी नव्हते. ‘बॅरिस्टर गुलब्या’ रंगवणारे शंकर बडे याच मातीतले. यवतमाळला आकाशवाणीचं केंद्रही आहे. त्या केंद्रानं आणि कृषी खात्यानं मिळून दर सोमवारी सकाळी दहा मिनिटांचा एक भाग काढावा, नुसत्या आवाजाचा, आणि त्याखाली ते बटण ठेवावं. येत्या जूनमध्ये, पेरणीच्या आधी, सुरुवात करायला हरकत नाही.